बटण दाबलं, पुढे काय? : लिनक्सवर लॅपटॉपची खास बटणं चालवताना

साहित्य मंडळाच्या ई-अंकात लॅपटॉपच्या बटणांवर लेख कशाला, असं कुणाला वाटलं तर ते साहजिक आहे. पण गेल्या काही महिन्यांत मंडळाच्या बैठका संपल्यावर मला कवितेविषयी जितके प्रश्न विचारले गेले नाहीत, तितके लिनक्सविषयी विचारले गेले. कारण उघड आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरचे लॅपटॉप त्याआधीचे आहेत. दादाने वापरून ताईला दिलेले, ताईकडून आपल्याकडे आलेले. ते बंद पडलेले नाहीत. त्यांच्यावर लेख टाइप होतो, पीडीएफ उघडते, सिनेमाही दिसतो. फक्त ‘हा आता जुना झाला’ असं सांगितलं जातं.

माझा लॅपटॉप असाच. पप्पांच्या ओळखीच्या एका ऑफिसने काढून टाकलेला, २०१६ सालचा, सहाव्या पिढीच्या प्रोसेसरचा. नवीन घेण्याएवढे पैसे घरात नव्हते आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तर टाइप करायचा होता. म्हणून त्यावर लिनक्स मिंट टाकलं. ते व्यवस्थित बसलं, वेगही आला. पण चार तक्रारी उरल्या. पडद्याचा उजेड कमी-जास्त करणारी बटणं चालेनात. माइक बंद करायचं बटण मुकं. वाय-फाय सुरूच होईना. आणि प्रोजेक्टरचं बटण दाबलं की काहीच घडेना.

बहुतेक जण इथे थांबतात. ‘लिनक्सवर हे असंच असतं’ म्हणतात आणि लॅपटॉप पुन्हा कपाटात जातो. या चार तक्रारी मी एकेक करून सोडवल्या, आणि ते करताना जे समजलं ते इथे मांडते आहे. एकच गोष्ट लक्षात ठेवायची आहे: बटण बहुतेक वेळा बिघडलेलं नसतं. ते दाबल्यावर निघालेला निरोप वाटेत कुठेतरी अडलेला असतो. कुठे अडला ते शोधता आलं, की निम्मं काम झालं.

एक सूचना आधीच देते. आपल्या अंकाच्या रिवाजाप्रमाणे कमांडांची नावंही देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायची.

आधी आकडा, मग अक्षर

समजा, तुम्ही ‘ए’ छापलेलं बटण दाबलं. कीबोर्डला ‘ए’ हे अक्षर माहीत नसतं. बटणांच्या खाली उभ्या-आडव्या तारांची जाळी असते. कुठली उभी आणि कुठली आडवी तार एकमेकींना टेकली, एवढंच तिथे कळतं. ते ओळखण्याचं काम लॅपटॉपमधली एक छोटी चिप करते, तिला एम्बेडेड कंट्रोलर म्हणतात. पंख्याचा वेग आणि बॅटरीचं चार्जिंग पाहणारीही बहुधा हीच. ती एक आकडा पुढे पाठवते. हा झाला स्कॅनकोड.

हा आकडा लिनक्सच्या कर्नलकडे, म्हणजे गाभ्याकडे, पोचतो. कर्नलजवळ एक कोष्टक असतं. अमुक स्कॅनकोड आला तर त्याला तमुक कीकोड द्यायचा. ‘ए’ च्या बटणाचा कीकोड ३०. आवाज बंद करण्याच्या बटणाचा ११३, आवाज कमी करण्याचा ११४, वाढवण्याचा ११५. पडद्याचा उजेड कमी करण्याचा २२४, वाढवण्याचा २२५.

अजूनही ‘ए’ अक्षर कुठे आलेलं नाही. ते येतं पुढच्या कोष्टकात, ज्याला आपण कीबोर्ड लेआउट म्हणतो. ३० हा आकडा इंग्रजी लेआउटमध्ये आला तर पडद्यावर ‘ए’ उमटतो. फ्रेंच लेआउट असेल तर त्याच ३० चा ‘क्यू’ होतो. आणि इनस्क्रिप्ट लेआउट निवडला असेल तर ३० म्हणजे ओकाराची मात्रा, ‘ो’. बटण तेच, आकडा तोच, कोष्टक बदललं की अर्थ बदलतो. आपण साहित्याचे विद्यार्थी, आपल्याला हे नवीन वाटू नये. चिन्ह आणि अर्थ यांची गाठ कुणीतरी बांधलेली असते, हे आपण वर्गात शिकतोच.

सगळ्यात शेवटी डेस्कटॉप येतो. अक्षर असेल तर तो ते चालू असलेल्या प्रोग्रॅमला देतो. ‘आवाज वाढव’ असा हुकूम असेल तर स्वतःच आवाज वाढवतो.

म्हणजे वाटेत पाच मुक्काम: बटण, चिप, कर्नल, लेआउट, डेस्कटॉप. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी हेलसिंकीत शिकत असताना १९९१ मध्ये लिनक्सची पहिली आवृत्ती बाहेर काढली, तेव्हा तिच्यातलं कीबोर्डचं कोष्टक फिनलंडचं होतं. साहजिकच, त्यांच्या टेबलावर तोच कीबोर्ड होता. इतर देशांची कोष्टकं नंतर एकेक करून त्यात आली. लिनक्समध्ये आजही बरंचसं तसंच चालतं. ज्याच्या टेबलावर जो लॅपटॉप, तो त्याचं कोष्टक भरतो. तुमच्या मॉडेलची ओळ अजून कुणी भरली नसेल, तर तुमचं बटण मुकं राहतं.

एफएन बटणाची गंमत

लॅपटॉपच्या वरच्या ओळीत एफ१ पासून एफ१२ पर्यंत बटणं असतात आणि त्यांच्यावर सूर्य, स्पीकर, विमान अशी चित्रं काढलेली असतात. चित्रातलं काम करून घ्यायला बऱ्याच लॅपटॉपवर डाव्या कोपऱ्यातलं एफएन बटण धरावं लागतं. अनेकांना वाटतं, की लिनक्सला एफएन ‘दिसत नाही’ म्हणून सगळं अडतं. बहुसंख्य लॅपटॉपवर एफएनचा आकडा कर्नलपर्यंत जातच नाही, आणि जायची गरजही नसते. एफएन धरलंय हे ती चिपच बघते आणि एफ५ ऐवजी दुसराच आकडा पाठवते. तेव्हा एफएनच्या मागे लागू नका. एफएन धरून दुसरं बटण दाबल्यावर काय येतं, ते बघा.

आणखी एक. सगळी खास बटणं एकाच वाटेने येत नाहीत. आवाजाची बटणं साधारणपणे कीबोर्डच्या नेहमीच्या वाटेने येतात. उजेडाची बटणं बऱ्याचदा एसीपीआय नावाच्या वेगळ्या वाटेने येतात. हार्डवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांनी वीज, झोप, पडदा अशा गोष्टींबद्दल एकमेकांशी कसं बोलायचं, याचे ते ठरलेले नियम. काही बटणं त्या-त्या कंपनीच्या खास वाटेने येतात आणि तिच्यासाठी कर्नलमध्ये वेगळा ड्रायव्हर लागतो. थिंकपॅड, आयडियापॅड, डेल, एचपी, एसुस, एसर या सगळ्यांसाठी कर्नलमध्ये असे छोटे ड्रायव्हर आहेत आणि ते सहसा आपोआप सुरू होतात.

निरोप कुठे अडला?

आता शोध सुरू. यासाठी एक साधं साधन आहे, त्याचं नाव ‘ईव्हीटेस्ट’: ‘ई’, ‘व्ही’ ही दोन अक्षरं आणि त्यांना जोडून ‘टेस्ट’. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ते बसवा. मग टर्मिनल उघडून, आधी ‘सुडो’ लावून, ते चालवा. ते एक यादी दाखवतं: कीबोर्ड, टचपॅड, पॉवर बटण, ‘व्हिडिओ बस’, कंपनीच्या नावाने एखादं ‘हॉटकीज’. यादीतला एक क्रमांक निवडायचा आणि बटण दाबायचं. कर्नलला काही मिळालं तर लगेच ओळ उमटते. तिच्यात स्कॅनकोड असतो, कीकोड असतो, आणि बटण दाबलं की सोडलं तेही असतं.

इथे एक काळजी घ्या. मुख्य कीबोर्ड निवडून उजेडाचं बटण दाबलं आणि काही आलं नाही, तर लगेच हात टेकू नका. ‘व्हिडिओ बस’ निवडून पुन्हा दाबा. मग ‘हॉटकीज’ निवडून दाबा. निरोप दुसऱ्या दारातून येत असेल.

या तपासणीतून तीनच उत्तरं निघू शकतात.

पहिलं: कुठल्याच दारात कीकोड येत नाही. मग अडचण कर्नलच्या किंवा त्याच्या अलीकडची आहे. एक तर स्कॅनकोड आला पण कर्नलच्या कोष्टकात त्याची ओळच नाही, किंवा कंपनीचा ड्रायव्हर सुरू झालेला नाही, किंवा बटण खरोखरच गेलेलं आहे.

दुसरं: आकडा येतो, पण चुकीचा. म्हणजे कोष्टकात ओळ आहे, पण दुसऱ्या कुठल्यातरी मॉडेलची.

तिसरं: आकडा बरोबर येतो, तरी काही घडत नाही. मग कीबोर्ड निर्दोष आहे. अडचण पुढच्या मुक्कामांवर आहे.

माझ्या चार तक्रारी या तीन उत्तरांमध्ये कशा बसल्या, ते आता बघू.

माइकचं बटण आणि २४८ हा आकडा

ऑनलाइन तोंडी परीक्षा असताना माइक चटकन बंद करता येणं किती गरजेचं आहे, हे कुकरच्या शिट्ट्या ऐकत उत्तरं दिलेल्यांना सांगायला नको. माझ्या लॅपटॉपवर हे बटण दाबलं की ईव्हीटेस्टमध्ये कुठल्याच दारात कीकोड यायचा नाही. मग कर्नलची रोजनिशी उघडली. ती दाखवणाऱ्या कमांडची अक्षरं पाच: डी, एम, ई, एस, जी. हीसुद्धा सुडो लावून चालवावी. बटण दाबल्यावर तिच्यात कर्नलने स्वतःच लिहिलं होतं, की एक अनोळखी बटण दाबलं गेलं, त्याचा कोड ८१, आणि त्याला नाव द्यायचं असेल तर ‘सेटकीकोड्स’ ही कमांड वापरा. म्हणजे निरोप कर्नलच्या दारापर्यंत आला होता. फक्त यादीत नाव नाही म्हणून दाराबाहेर उभा होता.

आता नाव कुठलं द्यायचं? कर्नलच्या यादीत माइक बंद करण्यासाठी स्वतंत्र कीकोड आहे, २४८. तोच द्यावा, असं कुणालाही वाटेल. पण इथे एक जुनी गोष्ट आडवी येते. माझ्या मिंटचा डेस्कटॉप एक्स नावाच्या व्यवस्थेवर चालतो. एक्सची आजची अकरावी आवृत्ती १९८७ सालची. तेव्हा ठरलं, की बटणाचा आकडा ८ ते २५५ याच्यातच बसला पाहिजे. कर्नलच्या आकड्यात ८ मिळवून एक्स आपला आकडा बनवतो. ‘ए’ चा ३० म्हणूनच एक्समध्ये ३८ होतो. या हिशेबाने कर्नलचा २४७ हा आकडा एक्समध्ये २५५ होतो आणि दारातून कसाबसा आत येतो. हा २४७ म्हणजे वायरलेस चालू-बंद करण्याचं बटण. त्याच्या पुढचा २४८ मात्र २५६ होतो आणि बाहेरच राहतो. चाळीसेक वर्षांपूर्वी ठरलेल्या एका मर्यादेमुळे आजचा माइक बंद होत नाही!

यावरचा तोडगाही लिनक्सवाल्यांनी आधीच ठरवून ठेवला आहे. आपल्या कीबोर्डवर एफ१२ च्या पुढची बटणं नसतात, पण कर्नलच्या यादीत एफ२४ पर्यंतचे आकडे आहेत. त्यातल्या एफ२० ला लेआउटच्या कोष्टकात ‘माइक बंद’ असा अर्थ दिलेला आहे. तेव्हा ८१ ला थेट माइकचं नाव देण्याऐवजी एफ२० असं नाव द्यायचं. वेलँड या नव्या व्यवस्थेवर चालणाऱ्या डेस्कटॉपवर २५५ ची अडचण नाही.

सेटकीकोड्सने दिलेलं नाव लॅपटॉप बंद केला की पुसलं जातं, म्हणून प्रयोगासाठी ते चांगलं. कायमसाठी दुसरी जागा आहे. ‘इटीसी’ फोल्डरमध्ये ‘युडेव्ह’, त्याच्यात ‘एचडब्ल्यूडीबी.डी’. तिथे एक छोटी फाइल तयार करायची आणि तिचं नाव ‘.एचडब्ल्यूडीबी’ ने संपवायचं. फाइलमध्ये दोनच ओळी. पहिली ओळ सांगते, की हे कुठल्या कंपनीच्या कुठल्या मॉडेलसाठी आहे. दुसरी ओळ सांगते, की कुठल्या स्कॅनकोडला कुठलं नाव. ही दुसरी ओळ एका मोकळ्या जागेने सुरू झाली पाहिजे, नाहीतर ती वाचलीच जात नाही. पहिल्या ओळीची मांडणी पाठ करायची गरज नाही. लिनक्सबरोबर शेकडो लॅपटॉपांच्या अशा ओळींची एक मोठी फाइल आलेलीच असते, ‘६०-कीबोर्ड’ नावाची. तिच्यात आपल्या कंपनीची जवळची ओळ शोधून तिच्यावरून आपली ओळ बनवता येते. मग ‘सिस्टमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट’ ही कमांड द्यायची आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करायचा.

यात भीतीचं कारण नाही. कोष्टकात चुकीचं नाव दिलं तर बटण चुकीचं काम करेल, एवढंच. फाइल काढून टाकून ती कमांड पुन्हा दिली, की लॅपटॉप होता तसा.

उजेडाची बटणं

ही तिसऱ्या उत्तरातली तक्रार. ‘व्हिडिओ बस’ च्या दारात २२४ आणि २२५ हे दोन्ही आकडे बरोबर येत होते. बटण दाबलं की पडद्यावर उजेडाची पट्टीसुद्धा वर-खाली सरकत होती. फक्त खरा उजेड तेवढाच. रात्री वाचणाऱ्याचे डोळे दुखतील इतका.

म्हणजे निरोप शेवटच्या मुक्कामापर्यंत पोचत होता, पण डेस्कटॉप तो चुकीच्या घरी देत होता. लिनक्समध्ये ‘सिस’ फोल्डरात ‘क्लास’, त्यात ‘बॅकलाइट’ असं एक फोल्डर असतं. पडद्यामागचा दिवा ज्यांच्या ताब्यात आहे, त्यांची नावं तिथे दिसतात. माझ्याकडे दोन नावं होती: एक एसीपीआयच्या वाटेचं आणि एक थेट इंटेलच्या ग्राफिक्सचं. प्रत्येक नावाखाली ‘ब्राइटनेस’ नावाची एक फाइल असते, तिच्यात आकडा असतो. कमाल आकडा शेजारच्या फाइलमध्ये. मी दोन्ही ठिकाणी आकडा हाताने बदलून पाहिला. एसीपीआयचा बदलला, काही नाही. इंटेलचा बदलला, पडदा मंद झाला. डेस्कटॉप मात्र पहिल्याशीच बोलत होता.

तोडगा म्हणजे कर्नल सुरू होतानाच त्याला सांगायचं, की थेट ग्राफिक्सवालाच दिवा वापर. त्यासाठी ‘एसीपीआय अंडरस्कोर बॅकलाइट बरोबर नेटिव्ह’ एवढी एक सूचना द्यावी लागते. ती आधी एकदाच देऊन बघावी. लॅपटॉप सुरू होताना ग्रब नावाचा मेनू येतो, तिथे ‘ई’ दाबलं की सुरू होण्याची ओळ बदलता येते. ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ही सूचना लिहायची. हा बदल तेवढ्या वेळेपुरता असतो. काही बिनसलं तर पुन्हा सुरू करा, सगळं पूर्ववत. जमलं, तर मग ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये कायमचं लिहा आणि ‘अपडेट-ग्रब’ ही कमांड द्या. ‘नेटिव्ह’ ने काम झालं नाही तर ‘व्हेंडर’ आणि ‘व्हिडिओ’ हे दोन पर्यायही याच पद्धतीने करून बघता येतात.

वाय-फाय: दोन प्रकारची कुलपं

वाय-फाय दिसत नसेल तर आधी ‘आरएफकिल लिस्ट’ ही कमांड द्या. ती प्रत्येक वायरलेस यंत्रापुढे दोन गोष्टी सांगते: सॉफ्ट ब्लॉक आहे का आणि हार्ड ब्लॉक आहे का. सॉफ्ट म्हणजे सॉफ्टवेअरने लावलेलं कुलूप, ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ म्हटलं की निघतं. हार्ड म्हणजे लॅपटॉपच्या कडेला असलेला छोटा स्विच किंवा विमानाचं बटण, ते हातानेच उघडावं लागतं. माझ्याकडे सॉफ्ट कुलूप होतं. एका ओळीत उघडलं.

यादीत वाय-फायचं नावच नसेल तर प्रश्न निराळा. मग ‘एल-एस-पी-सी-आय’ ही कमांड ‘उणे के’ लावून चालवा. वाय-फायच्या चिपचं नाव आणि तिला कुठला ड्रायव्हर मिळाला, ते दिसेल. बऱ्याच चिपांना ड्रायव्हरबरोबर फर्मवेअरही लागतं, म्हणजे चिपच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम. तो बनवणाऱ्या कंपनीचा असतो, मुक्त सॉफ्टवेअर नसतो. म्हणून डेबियनसारखी लिनक्सं पूर्वी तो आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवत नसत. डेबियनच्या लोकांनी २०२२ मध्ये मतदान घेऊन हे बदललं, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून फर्मवेअर इन्स्टॉलरबरोबरच येतं. तुमच्याकडे जुनी सीडी किंवा जुना पेनड्राइव्ह असेल तर त्यावरून बसवू नका, नवी आवृत्ती उतरवून घ्या.

प्रोजेक्टरचं बटण

रविवारच्या मिस्साला गीतांच्या ओळी पडद्यावर दाखवायचं काम आमच्या चर्चमध्ये आम्हा तरुणांकडे असतं. तिथे प्रोजेक्टरची वायर लावली की लगेच चित्र यावं लागतं, गायकवृंद थांबत नाही. ईव्हीटेस्टमध्ये या बटणाचा एक आकडा न येता दोन आले: १२५ आणि २५. १२५ म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेलं बटण, २५ म्हणजे ‘पी’. अनेक नवीन लॅपटॉपवर या चित्राच्या बटणाला स्वतःचा आकडाच नसतो. ते गुपचूप विंडोज आणि पी ही जोडी दाबल्याचं सांगतं, कारण विंडोजमध्ये पडदे बदलायची तीच जोडी आहे. हे कळलं की उपाय सोपा. डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये कीबोर्ड शॉर्टकट उघडायचे आणि पडदे बदलण्याच्या कामापुढे ही जोडी नोंदवायची. तिथे जाऊन नेमकं ते बटण दाबलं तरी नोंद होते.

न छापलेली अक्षरं

आता आपल्या मंडळाच्या जिव्हाळ्याचं. वरच्या ओळीतल्या सूर्य-स्पीकरना जे कोष्टक लागू, तेच मराठीलाही लागू आहे. बटणावर काय छापलंय याला फारसं महत्त्व नाही. रुपयाचं चिन्ह भारत सरकारने २०१० मध्ये स्वीकारलं. त्याआधीच्या कीबोर्डांवर ते छापलेलं असणं शक्यच नाही. तरी लिनक्समध्ये ‘इंग्रजी, भारत, रुपयासह’ हा लेआउट निवडला, की उजवं ऑल्ट धरून ४ दाबल्यावर रुपयाचं चिन्ह उमटतं. जुन्या बटणाला नवा अर्थ मिळाला, एका ओळीने.

इनस्क्रिप्टचंही तसंच. कीबोर्ड सेटिंगमधल्या लेआउटच्या यादीत भारत शोधा आणि त्यात इनस्क्रिप्ट निवडा. ‘जे’ चं बटण म्हणजे ‘र’. शिफ्ट धरून तेच दाबलं, की ‘ऱ’. मग ‘डी’ ने हलन्त आणि तिरप्या रेघेच्या बटणाने ‘य’. झाला ‘ऱ्य’. आपल्या अंकाकडे येणाऱ्या कितीतरी लेखांत ‘दऱ्या’ च्या जागी ‘दर्या’ आलेला असतो आणि मुद्रितशोधन करताना आम्ही डोंगरातल्या समुद्रावर हसत बसतो. लिहिणाऱ्याला फरक माहीत असतो, बटण कुठे आहे ते माहीत नसतं.

आणि आपल्या बेळगावकरांसाठी एक खास गोष्ट. इनस्क्रिप्ट भारतीय लिप्यांना समान ठेवून आखलेला आहे. मराठीचा ‘क’ जिथे आहे, त्याच बटणावर कन्नडचा ‘क’ आहे. ‘म’ तिथे ‘म’, ‘र’ तिथे ‘र’. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण कन्नड विभागाचा अंक याच पद्धतीने टाइप करते. तिचं बोट जिथे जातं तिथेच माझं जातं. दोघींच्या लॅपटॉपच्या आत एकच आकडा तयार होतो, ३७. पुढे तिच्या पडद्यावर तिची लिपी उमटते, माझ्यावर माझी. गावातल्या पाट्यांवरून इतकं बोललं जातं, त्यात एवढं तरी कुणी कधी सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं.

काय जमणार नाही, आणि काय करता येईल

सगळंच सुटतं असं नाही. बोटाचा ठसा ओळखणारी काही यंत्रं लिनक्सवर अजिबात चालत नाहीत, कारण त्यांच्या कंपनीने ती कशी चालतात ते सांगितलेलं नाही. ‘एल-एस-यू-एस-बी’ या कमांडने आपल्या यंत्राचा क्रमांक कळतो, चार-चार अंक-अक्षरांची जोडी. तो ‘लिबएफप्रिंट’ या प्रकल्पाच्या यादीत आहे का, ते बघायचं. नसेल तर पासवर्डवर भागवायचं.

म्हणून जुना लॅपटॉप घेण्याआधी किंवा त्यावर लिनक्स कायमचं टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा. यात हार्डडिस्कला हात लागत नाही. एकेक खास बटण दाबा, वाय-फाय जोडा, आवाज ऐका, झाकण मिटून उघडा आणि लॅपटॉप झोपेतून नीट उठतो का ते पाहा. पंधरा मिनिटांत कळतं, की कशावर किती मेहनत पडणार आहे.

आणि बटण चालू झालं की एक काम अजून उरतं. मघाशी सांगितलेली ती मोठी फाइल सिस्टमडी प्रकल्पाकडे उघड्यावर ठेवलेली आहे. तिच्यात कुणीही ओळ सुचवू शकतं. तिच्यातली एकेक ओळ म्हणजे कुठेतरी कुणाचं तरी अडलेलं आणि मग सुटलेलं बटण. माझ्या मॉडेलची ओळ मी पाठवली आहे. ती घेतली गेली, तर हाच लॅपटॉप वापरणाऱ्या पुढच्या माणसाला २४८ आणि २५६ चा हिशेब करावा लागणार नाही. त्याला हे कळणारही नाही, की इथे कधी काही अडलं होतं.

पुढच्या बैठकीला आपापले लॅपटॉप घेऊन या. चार्जरही आणा, आपल्या खोलीत प्लग दोनच आहेत, म्हणून कुणीतरी एक्सटेन्शन आणा. कविता वाचून झाल्या की ईव्हीटेस्ट चालवू. कुठलं बटण मुकं आहे ते आधी लिहून आणलंत तर वेळ वाचेल.